हिवाळ्यातला एक दिवस वसईच्या बंदराला द्या

वसई-विरारमध्ये राहणाऱ्या, त्यातही गेल्या वीस-तीस वर्षांत इथे घर घेतलेल्या कुटुंबांना माझी एक विनंती आहे. डिसेंबर-जानेवारीतला एक रविवार मोकळा ठेवा. मुलांना घ्या, घरातल्या आजी-आजोबांना घ्या आणि वसईच्या किल्ल्यावरून चालत थेट बंदरापर्यंत जा. मॉल आहेतच, वॉटर पार्क आहे, लोणावळाही कुठे पळून जात नाही. हा एक दिवस मात्र आपल्या गावाचा असू द्या.

हे कळकळीने सांगायला कारण आहे. २०११ च्या जनगणनेतच या शहराची वस्ती १२ लाखांवर गेली होती, आणि तेव्हापासून इमारती वाढतच आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या आणि परळ-लालबागच्या चाळींतली कितीतरी घरं नालासोपारा-विरारला आली. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आली, देशावरून आली, उत्तर भारतातून आली. घरातलं कमावतं माणूस पहाटेची लोकल धरतं आणि रात्री परत येतं. त्याच्या डोळ्यांपुढची वसई म्हणजे स्टेशनचा पूल, रिक्षाची रांग आणि सोसायटीत येणारा पाण्याचा टँकर. मुलं शाळेत ‘वसईचा तह’ पाठ करतात, परीक्षेत लिहितात, मार्क मिळवतात. तो तह जिथे झाला ते गाव आपल्या घरापासून एका बसच्या अंतरावर आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. अशा पोरांना आपलं गाव कुठलं म्हणून विचारलं तर ती आजोबांचं गाव सांगतात. तेही खरंच आहे, पण ज्या मातीत ती वाढली तिची ओळख त्यांना करून देणं हे आपलं काम आहे.

हिवाळाच का, तर हिवाळा हा बंदराचा मोसम आहे. पावसाळ्यात आपला समुद्र बंद असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला सरकारी बंदी असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेनंतर दर्या हळूहळू निवतो आणि दिवाळीनंतर तो खऱ्या अर्थाने माणसांचा होतो. पूर्वी शिडाच्या जहाजांच्या काळातही हेच होतं. व्यापार, लढाया, वकिलांची ये-जा, सगळं पाऊस सरल्यावर. वसईचा इतिहास या नजरेने पाहिला तर त्यात डिसेंबर पुन्हा पुन्हा येतो. गुजरातच्या बहादूरशहाला एकीकडून हुमायूनचा धाक होता, म्हणून त्याने २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगीजांशी तह करून वसई त्यांच्या हवाली केली. १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने मराठ्यांकडून किल्ला घेतला तो डिसेंबरात. आणि होळकरांनी पुण्यात हरवल्यावर दुसरा बाजीराव पेशवा कोकणातून समुद्रमार्गे वसईला आला, त्याने इंग्रजांशी तह केला तो ३१ डिसेंबर १८०२ रोजी. मराठी राज्याच्या गळ्याला फास बसला तो त्या दिवशी. आपण ज्या रात्री नव्या वर्षाचे फटाके वाजवतो, त्या रात्रीचा हा इतिहास आहे. मुलांना तो किल्ल्यातच उभं राहून सांगा. वर्गात सांगितलेला विसरतात, तिथे सांगितलेला विसरत नाहीत.

ओळखीतली मराठी मुलं आता स्वीडन-नॉर्वेला नोकरीला असतात, त्यांचे हिवाळ्यातले फोटो आपल्या फोनवर येतात. स्टॉकहोमला डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी तीनच्या आत मावळतो. तरी तिथली कुटुंबं पोरांना जाड कपड्यांत गुंडाळून बाहेर पडतात आणि बंदराकाठच्या संग्रहालयात ‘वासा’ नावाची एक युद्धनौका पाहायला जातात. १० ऑगस्ट १६२८ रोजी ही नौका पहिल्याच सफरीवर निघाली आणि बंदर ओलांडायच्या आत बुडाली. १९६१ मध्ये ती समुद्राच्या तळातून वर काढली, आणि आज लोक एका जहाजासाठी अर्धा दिवस देतात. नॉर्वेच्या बर्गनमध्ये बंदराकाठी व्यापाऱ्यांच्या लाकडी घरांची ओळ आहे. १७०२ च्या आगीत ती जळाली, लोकांनी जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधली, आणि १९७९ पासून ती जागतिक वारसा आहे. ‘वासा’ बुडाली तेव्हा वसई पोर्तुगीजांच्या हाती येऊन शंभर वर्षं होत आली होती. आपल्याला तर डिसेंबरातही अकरा तासांचा उजेड मिळतो, वारा गार आणि ऊन सोसवणारं. त्या लोकांकडून घ्यायची गोष्ट एवढीच, की एका दिवसात एकच गोष्ट पाहावी आणि ती सावकाश पाहावी. आपल्याकडे गाडी काढली की किल्ला, जीवदानी, अर्नाळा, तुंगारेश्वर सगळं एकाच दिवशी उरकायची घाई असते. मग मुलांच्या लक्षात राहते ती गाडी.

निघण्याआधी कालनिर्णय उघडा आणि तिथी बघा. बंदरावर जायचं तर भरती-ओहोटी कळायला हवी, आणि ती कळायला मोबाईल लागत नाही. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भर दुपारी पाणी भरलेलं असतं आणि संध्याकाळी किनारा दूरवर उघडा पडतो. या दोन दिवसांच्या आसपास उधाण असतं, पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी नरम. हा हिशोब मुलांकडून करून घ्या. पाऊणकीचा पाढा कशासाठी होता, हे त्यांना एकदा तरी कळेल.

सकाळी साडेसातच्या आत घर सोडा. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेकडून वसई गावाकडे महापालिकेची बस मिळते, शेअर रिक्षाही मिळते. गाडी असली तरी ती शक्यतो घरीच ठेवा, कारण हा दिवस चालण्याचा आहे. झेंडा बाजारात उतरून पोटभर न्याहारी करा, पाण्याच्या बाटल्या भरून घ्या आणि भुई दरवाजाकडून किल्ल्यात शिरा. पाहायचा क्रम जमिनीकडून समुद्राकडे असू द्या. तसं केलं तर हे शहर कशासाठी होतं, ते न सांगता कळतं.

किल्ला म्हटलं की आपल्या मनात डोंगर येतो, चढ येतो. वसईचा किल्ला सपाटीवर आहे, तीन बाजूंना खाडी आणि समुद्र, आणि आत एक अख्खं शहर होतं. रस्ते, घरं, चर्च, मठ, दवाखाना, बाजार. उत्तरेकडच्या पोर्तुगीज मुलखाचा कारभार इथून चाले. सेंट जोसेफच्या चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे, डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन साधूंच्या मठांच्या भिंती उभ्या आहेत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये पायाखालच्या फरशा नीट बघा, त्यावर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली आहेत. त्या कबरी आहेत. मुलांना त्यावर उड्या मारू देऊ नका. मेलेलं माणूस कुठल्याही धर्माचं असो, त्याच्या छातीवर उभं राहून फोटो काढायचा नसतो.

जेझुइटांचं चर्च आजही वापरात आहे. ते आता गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखलं जातं. हा मुलगा सोळाव्या शतकात याच वसईत जन्मला, व्यापाराच्या निमित्ताने जपानला गेला, पुढे फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिलं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. वसईच्या एका पोराचं आयुष्य चारशे वर्षांपूर्वी जपानपर्यंत पोचलं, ते बंदर होतं म्हणून.

मग मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पा यांच्या स्मारकापाशी थांबा, आणि इथे वेळ द्या. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीत मोहीम उघडली, १७३९ च्या फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. तीन बाजूंना पाणी आणि दलदल असलेला, तोफांनी भरलेला हा तट. सुरुंग लावावे लागले, बुरूज उडवावा लागला, माणसं फार मेली. पाऊस लागायच्या आत काम संपवणं भाग होतं, नाहीतर सगळं फुकट. अप्पांनी शेवटी माझं मस्तक तरी तोफेने किल्ल्यात पाडा असं म्हटल्याची कथा लोक सांगतात. मे महिन्यात पोर्तुगीजांनी हात टेकले. मुलांना लढाई सांगालच, ती सांगावीच लागेल. पण त्यानंतर काय झालं तेही आवर्जून सांगा. हरलेल्या शत्रूला बायकापोरांसह, सन्मानाने बाहेर पडायची मुदत अप्पांनी दिली. इथली ख्रिस्ती रयत मागेच राहिली, तिची चर्चं राहिली, आणि आज जवळपास तीनशे वर्षांनीही ती रयत मराठीत प्रार्थना करते. विजयाची खूण म्हणून मराठे इथल्या चर्चच्या घंटा घेऊन गेले. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि भीमाशंकरची घंटा तिथे गेलात तर नीट पाहा, त्या या किल्ल्यातल्या आहेत. एका किल्ल्याची गोष्ट अशी अर्ध्या महाराष्ट्रात विखुरलेली आहे.

दुपारच्या आत समुद्र दरवाजातून बाहेर पडा. इथे किल्लाबंदर आणि पलीकडे पाचूबंदर, दोन्ही कोळीवाडे. माझ्या मते सबंध दिवसातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि लोक नेमका इथूनच माघारी वळतात. वास येतो म्हणून नाक धरतात. तसं करू नका, मुलांनाही करू देऊ नका. तो वास कष्टाचा आहे. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले असतात, खाली जवळा पसरलेला असतो. गार कोरडा वारा आणि सोसवणारं ऊन, मासळी सुकवायला याहून चांगले दिवस नाहीत. इथली मासेमारी बरीचशी डोल जाळ्याची. समुद्रात जाळं बांधून ठेवायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासा त्यात येतो. म्हणजे तुम्ही सकाळी मुलांकडून जी पाऊणकी करून घेतली, त्यावर या घरांची चूल पेटते. तिथीप्रमाणे त्यांच्या निघण्याच्या वेळा सरकतात, रात्री दोनलाही उठावं लागतं.

कोळीवाड्यात शिरताना एवढं ध्यानात ठेवा की हे लोकांचं अंगण आहे. मासळी निवडत बसलेल्या मावशींचा फोटो काढायचा तर आधी विचारा. विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात आणि दोन गोष्टी वर सांगतात. वलांडीला हात लावू नका, जाळ्यावरून चालू नका. सुकी मासळी घ्यायचीच असेल तर इथेच, त्यांच्या हातून घ्या आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. भांड्यात घट्ट झाकण लावून घरी न्या. लोकलमध्ये शेजारचा माणूसही सुखी राहील.

किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो बोट जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सुरू झाली. रस्त्याने भाईंदर गाठायचं तर महामार्गाला मोठा वळसा पडतो, पाण्यातून खाडी ओलांडायला थोडाच वेळ लागतो. त्या दिवशीच्या फेऱ्यांच्या वेळा जेट्टीवर विचारून घ्या आणि एकदा जाऊन परत या. येताना मुलांना पुढे उभं करा. पाण्यावरून वसईचा तट दिसतो तेव्हा तो कशासाठी बांधला ते लगेच कळतं. शत्रूही याच बाजूने येई, व्यापारीही याच बाजूने येई. आजी-आजोबांना किल्ला सगळा चालवत नसेल तर त्यांनाही ही बोट जमते.

काही गोष्टी स्पष्ट सांगतो. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. भिंतीवर नाव कोरलं, दगड पाडला, तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण शिक्षेच्या भीतीने कशाला, मुलांसमोर आपण भिंतीला टेकून सुपारी थुंकलो तर उद्या त्यांना काय शिकवणार? मनोऱ्यावर, तटाच्या सुटलेल्या दगडांवर चढू नका, चुना मोकळा झालेला आहे. झाडीत शिरू नका. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये याच किल्ल्यात बिबट्या आला होता, वन खात्याने तो पकडेपर्यंत आसपासचे लोक आठवडे जागे होते. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याच्या आत बाहेर पडा. पुढे सुरुची बागेच्या किनाऱ्यावर गेलात तर पाण्यात उतरू नका, ओहोटी लागलेली असताना तर मुळीच नाही. वाळूत गाडी घालू नका. किनाऱ्यावर पांढरे-करडे कुरव पक्षी थव्याने बसलेले दिसतील, ते हिवाळ्यापुरते दूर उत्तरेकडून आलेले पाहुणे आहेत. त्यांना गाठ्या-शेव घालू नका आणि पोरांना त्यांच्यामागे धावू देऊ नका.

संध्याकाळ नाताळाच्या दिवसांतली असेल तर घरी जायची घाई नको. वसईच्या गावांतून, वाड्यांतून, केळी-पानवेलींच्या बागांच्या कडेने दारोदार तारे टांगलेले असतात, अंगणात येशूजन्माचे गोठे मांडलेले असतात. हे गोठे लोक हौसेने करतात आणि बाहेरच्यांनी पाहावे म्हणूनच दाराशी मांडतात. तुमच्या मुलांनी दिवाळीत किल्ला केला असेल तर त्यांना यातलं कौतुक लगेच कळेल. पापडीच्या, नंदाखालच्या चर्चमध्ये जा. मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा, फोन बंद ठेवा. फादर जो प्रसाद देतात तो बाप्तिस्मा झालेल्या लोकांसाठी असतो, तेव्हा रांगेत उभं राहू नका. बसून ऐका मात्र जरूर, कारण सगळं मराठीत असतं. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईची हिरवाई बिल्डरांच्या हाती जाऊ नये म्हणून ‘हरित वसई’च्या चळवळीत ते लोकांच्या पुढे उभे राहिले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. आज ज्या बागांच्या सावलीतून तुम्ही चालता, त्यातल्या कितीतरी त्या लढ्यामुळे टिकल्या आहेत. वाटेत राजेळी केळ्यांची सुकेळी मिळाली तर घ्या. आगाशीची सुकेळी नावाजलेली आहेत, उन्हात सुकवलेली, साखर न घालता गोड. मुलांच्या डब्याला चॉकलेटपेक्षा शतपटीने बरी.

सोपारा आणि अर्नाळा याच दिवसात कोंबू नका, त्यांना वेगळा दिवस द्या. सोपारा हे वसईच्याही कितीतरी आधीचं बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उघडला, दगडी पेटीत बुद्धमूर्ती, सोन्याची फुलं आणि भिक्षापात्राचे तुकडे निघाले. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच मिळाला. नालासोपाऱ्यात राहून हे ठाऊक नसणं बरं नाही. अर्नाळ्याचा पाणकिल्ला बोटीने पाहायचा, तोही तिथी बघूनच.

खर्चाचं म्हणाल तर किल्ल्यात जायला तिकीट नाही. बस, न्याहारी, बोट आणि थोडी सुकी मासळी, एवढ्यात चौघांचं कुटुंब दिवस काढतं. नोकरीत रविवारी सुट्टी मिळत नाही अशी पुष्कळ माणसं आपल्यात आहेत. त्यांनी शेजाऱ्याच्या पोरांबरोबर आपली पोरं पाठवावी. सोसायटीच्या मंडळांनी एखाद्या वर्षी पिकनिकची बस रिसॉर्टऐवजी झेंडा बाजारात न्यावी, आणि वसई गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर चालायची विनंती करावी. असे आजोबा, असे निवृत्त मास्तर गावात आहेत, विचारलं की ते येतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही आपल्या गावचं बंदर, आपल्या मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या होडीची गोष्ट नातवंडांना तिथेच सांगावी.

होळीनंतर उकाडा सुरू होतो आणि मग किल्ल्यातल्या उघड्या फरशीवर दुपार काढणं मुलांना सोसत नाही. तेव्हा येत्या रविवारची तिथी आजच बघून ठेवा.